फाटलेली कड

अक्का गेल्याचं मला फोनवर कळलं. सकाळची वेळ होती आणि मी तव्यावर अक्की रोटी थापत होते. तांदळाच्या पिठाची ही भाकरी बेंगळुरात गार तव्यावर तेलाच्या बोटांनी थापतात आणि मग तवा चुलीवर चढवतात. कोरमंगलाहून मुलीचा, विजयाचा, फोन आला. "आई, तू बसली आहेस ना?" एवढंच तिनं विचारलं आणि मला उमगलं. अक्काचं वय झालंच होतं, गेले दोन महिने ती अंथरुणावरच होती... तरी मी "हो, बसलेय" असं खोटं सांगितलं आणि उभ्याउभ्या ती रोटी पुरी थापली. तिची कड फाटली होती. ती मी बोटानं जुळवली.

तेराव्या दिवशी समाजाच्या सभागृहात शोकसभा झाली. फोटोला हार घातला होता आणि फोटोखाली पितळी पट्टी ठोकली होती: 'मूक सेविका अंबाबाई'. एकामागून एक माणसं उठली. कुणी म्हणालं, अशी सोशिक बाई होणे नाही. कुणी म्हणालं, आयुष्यभर तोंडातून शब्द काढला नाही. माझ्याही हातात माइक दिला. मी एकतीस वर्षं शाळेच्या ग्रंथालयात काढली, दुसऱ्यांना 'हळू बोला' सांगण्यात. चारचौघांत बोलणं मला कधी जमलं नाही. मी "नमस्कार" म्हणाले, माइक परत दिला आणि बसले. घरी येताना रिक्षात मला रडू आलं नाही, राग आला. सगळे माझं वर्णन करत होते! गप्प मी होते. अक्का कधीच गप्प नव्हती, आणि ती गप्प नव्हती म्हणूनच मी आज जिवंत आहे. बोलता आलं नाही तर निदान लिहावं, म्हणून हे लिहीत आहे. सभेला आता पाच आठवडे झाले. मी लिहितेही सावकाशच.

अक्का म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. आमची घरं चिकपेटेच्या मागच्या गल्लीत, कैक पिढ्या तिथंच. कापड रंगवणारी, शिवणारी माणसं. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि उंबऱ्यावर दोन्ही एकमेकांत मिसळलेल्या. अक्काला एकोणिसाव्या वर्षी वैधव्य आलं. तिनं माहेरी परत येऊन वर्षभर बटणं शिवली आणि मग एके दिवशी सांगितलं की ती नर्सिंग आणि बाळंतपणाचं शिक्षण घेणार आहे. वडील म्हणाले, "विधवेनं दुसऱ्यांच्या घाणीत हात घालायचे?" ती म्हणाली, "अप्पा, तुम्ही निळीत घालताच की." दोन वर्षं ते तिच्याशी बोलले नाहीत. तिनं अभ्यास पुरा केला, पेटेतल्याच एका सूतिकागृहात नोकरी धरली, तिथल्याच खोलीत राहू लागली. घरी यायची ती फक्त रविवारी, दुपारच्या जेवणाला.

माझं लग्न पन्नासच्या दशकाच्या मध्यावर झालं, आणि दीड वर्षात विजया पोटात राहिली. मला आई नव्हती, त्यामुळे पहिलं बाळंतपण सासरीच. अक्का म्हणत होती, हिला माझ्याकडे आणा. सासूबाईंनी, त्यांना सगळं घर अम्मा म्हणायचं, साफ नकार दिला. कारण एकच होतं: वार. बाळामागोमाग जी वार पडते ती आमच्यात घरच्याच बाईनं मडक्यात घालायची, हळद-मीठ घालून, आणि परक्या कुणाची नजर पडायच्या आत परसात पुरायची. सूतिकागृहात ती बादलीत टाकतात हे अम्मांनी ऐकलं होतं. "माझ्या नातवंडाची वार कुत्र्याच्या तोंडी जाऊ देऊ?" यावर अक्का म्हणाली, "अम्मा, वार कुठं जाते ते मागनं बघू. आधी ती सगळी बाहेर येते का ते बघायला नको?" अम्मांनी ऐकलं नाही. मीही काही बोलले नाही. मला सूतिकागृहात जायचं होतं, पण मी बोलले नाही.

घरीच सुटका झाली. गल्लीतली सुईण होती, तिनं बाळ घेतलं, अम्मांनी वार मडक्यात घेतली आणि पाठमोऱ्या होऊन परसात गेल्या. सगळं रीतीप्रमाणे. पहिले चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवसापासून अंगावरून जाणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. सातव्या दिवशी थंडी वाजून ताप आला. ओळखीचे डॉक्टर येऊन गेले, दारातूनच बघितल्यासारखं करून म्हणाले, "दूध चढलंय, ताप येतोच," आणि टॉनिक लिहून दिलं. अम्मा शेपूचा आणि डिंकाचा मारा करत होत्या. खोलीत धुरी होती, ओवा होता, आणि त्या सगळ्याच्या खाली एक वेगळा वास होता. तो मला येत होता. कुणाला सांगायची लाज वाटत होती. बाळंतिणीच्या खोलीला वास यायचाच, असं मी स्वतःला समजावत होते.

नवव्या दिवशी रविवार होता. आदल्या रविवारी अक्काला सुट्टी मिळाली नव्हती. अक्का आली, चपला काढल्या, आणि उंबऱ्यातच थबकली. तिनं नाक ओढून घेतलं. मग पदर खोचून माझ्याजवळ बसली आणि विचारू लागली... एवढे साधे प्रश्न मला त्या नऊ दिवसांत कुणी विचारले नव्हते.

"रंग कसला आहे गं?"

"लाल."

"पहिल्यापासनं लाल, का मध्ये फिकट होऊन परत लाल झालं?"

"परत झालं."

"गाठी?"

मी मान हलवली.

"केवढ्या? लाजू नको शांते, मी दिवसभर हेच बघते. जांभळाएवढ्या का लिंबाएवढ्या?"

मी सांगितलं. मग तिनं माझ्या पोटावर हात ठेवला. तो हात मला अजून आठवतो, गार आणि घाई नसलेला. बाळंतपणानंतर पिशवी रोज बोटभर खाली उतरते, हे तिनं मला नंतर शिकवलं. नवव्या दिवशी ती ओटीच्या हाडाआड जवळजवळ दिसेनाशी व्हायला हवी. माझी अजून बेंबीच्या खाली चार बोटांवर होती, आणि घट्ट चेंडूसारखी असायच्या ऐवजी भिजवलेल्या कणकेसारखी. तिनं दाबलं तशी मी ओरडले. अक्का उठली आणि स्वयंपाकघरात गेली. खोलीतून मला सगळं ऐकू येत होतं.

"अम्मा, वार कशी होती?"

"कशी म्हणजे? असते तशी."

"अख्खी होती?"

अम्मा काहीतरी घोटत होत्या, तो आवाज थांबला.

"अम्मा, अक्की रोटी तव्यावरनं उचलताना फाटली तर तुकडा कुठं राहतो?"

"तव्याला."

"मग सांग. रोटी अख्खी उचलली होतीस का कड फाटली होती?"

मग अम्मांचा आवाज आला, मी त्यांचा तसा आवाज कधी ऐकला नव्हता. "एका बाजूला फाटलेली होती, अंबा. एवढीशी. फाटकी वार पुरली तर बाळाला आयुष्य नसतं म्हणतात. म्हणून बोलले नाही. वरनं जास्त हळद घातली."

अक्का आईवर ओरडली नाही. ती बाहेर येऊन यजमानांना म्हणाली, "तम्मा, जटका आण." धाकट्या भावाला ती कन्नडात तम्माच म्हणायची. भर दुपारी घोड्याच्या गाडीतून, अंगावर दोन चादरी घेऊन, नवव्या दिवसाची बाळंतीण गल्लीतून निघाली. खिडक्या उघडल्या. कुणी तरी म्हणालंच, "बाराव्या दिवसाआधी उंबरा ओलांडला!" अक्का जटक्यातून वळून म्हणाली, "तुम्ही बारशाला या. ती असली पाहिजे ना त्याला?"

सूतिकागृहात मोठे डॉक्टर होते. त्यांनी नियम सांगितला: तापाची बाई इथं घेत नाहीत, बाकीच्या बाळंतिणींना धोका. उद्या मोठ्या दवाखान्यात पाठवा. नियम चुकीचा नव्हता, हे मी आज म्हणू शकते. पण उद्या फार लांब होता. मी बाकावर आडवी होते आणि चादर भिजत चालली होती. अक्का म्हणाली, "सर, आत तुकडा राहिलाय. तो काढल्याशिवाय ताप उतरणार नाही, रक्तही थांबणार नाही."

"निदान करणं तुझं काम नाही. तू नर्स आहेस."

"मी निदान करत नाही, सर. मी रंग विचारला, वास घेतला, हात लावून बघितलं आणि वार पुरणाऱ्या बाईला विचारलं. चारही गोष्टी एकच सांगतात. ह्याला तुम्ही काय म्हणता ते तुम्ही ठरवा."

"आणि तू चुकलीस तर?"

अक्कानं छातीवरचा नर्सचा बिल्ला काढला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला. "चुकले तर हा परत घेणार नाही. पण हिला परत पाठवायचं असेल तर तसं कागदावर लिहून द्या, तुमच्या सहीनं."

माहेरी परत आलेल्या त्या विधवेकडे तेव्हा दुसरं काही नव्हतं. घर नव्हतं, बिल्ला होता. त्या बिल्ल्यावरच तिची खोली होती, तिचं जेवण होतं, तिचं नाव होतं. हे तिला कळत नव्हतं असं नाही. तिनं तो जपून, सरळ करून ठेवला, त्यावरची काच तडकू नये अशा बेतानं. म्हणून तर मला तो इतका स्पष्ट आठवतो.

डॉक्टरांनी कागद लिहिला नाही. त्यांनी हात धुतले आणि मला आत घ्यायला सांगितलं. न्याय म्हणून सांगायला हवं, काम त्यांनी उत्तम केलं. मला शुद्ध आली तेव्हा अक्का पांढरी, निळ्या काठाची एनॅमलची थाळी घेऊन उभी होती. "बघ," ती म्हणाली. मला बघायचं नव्हतं. "बघ शांते. तुझं आहे. भुताचं नाही." अर्ध्या लिंबाएवढा, काळपट, मऊ तुकडा. एवढ्यासाठी मी मरणार होते... पेनिसिलीनची इंजेक्शनं झाली, तिसऱ्या दिवशी ताप उतरला. बिल्ला डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी अक्काच्या हातात दिला, एक शब्द न बोलता. आणि महिन्याभरानं वरिष्ठांशी उर्मट वागल्याबद्दल ताकीद दिली, ती मात्र लेखी. अक्कानं ती चौकट करून खोलीत लावली. पाहुण्याला म्हणायची, "हे माझं सर्टिफिकेट."

अम्मा तिसऱ्या दिवशी आल्या. माझ्या पायाशी बसून म्हणाल्या, "मी बघितलं होतं गं पोरी. बोलले नाही." मीही वास लपवलाच होता. अक्का पलीकडे चादर बदलत होती. ती आईला "जाऊ दे" म्हणाली नाही. म्हणाली, "आता बोल. गल्लीभर बोल." आणि अम्मांनी, ज्यांनी आयुष्यात कधी चूक कबूल केली नव्हती त्या बाईनं, ते केलं. हळदीकुंकवाला जाऊन सांगायच्या, "माझी फाटली होती. मी लपवली. सून जाता जाता वाचली. तुम्ही लपवू नका."

पण नुसतं बोलून रीत बदलत नाही, आणि अक्काला रीत मोडायची नव्हतीच. वार पुरायची तर पुरा, ती म्हणायची, पण आधी मला दाखवा. सूतिकागृहातली बादली तिनं बंद करवली. प्रत्येक वार त्या निळ्या काठाच्या थाळीत पसरायची, पाण्याखाली धुवायची, आईकडची खडबडीत बाजू वर करून एकेक कप्पा शेजारच्या कप्प्याला लावून बघायची, कुठं जागा रिकामी राहते का. पुरी असली की हळद-मीठ घालून मडक्यात, आणि मडकं घरच्यांच्या हातात. नियमात हे कुठंच नव्हतं. मडकी अम्मा आणून द्यायच्या. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस आमच्या गल्लीतल्या सासवा आपण होऊन सुनांना तिच्याकडे नेऊ लागल्या, कारण तिथं वार मिळत होती. सभेत कुणीतरी म्हणालं, तिनं लोकांच्या अंधश्रद्धेशी लढा दिला. नाही हो. तिनं अंधश्रद्धेकडूनच काम करून घेतलं.

आता जे सांगणार आहे ते शोकसभेत सांगत नाहीत. साठच्या दशकाच्या सुरुवातीला एक शिंपीण तिच्या हाताखाली बाळंत झाली, तिसरं मूल. अक्कानं वार धुतली, कप्पे जुळवले, पुरी होती. मडकं दिलं. सहाव्या दिवशी त्या बाईला घरी रक्तस्राव सुरू झाला, सूतिकागृहात आणेपर्यंत ती गेली. कधी कधी मुख्य वारेपासून अलग, लहानशी दुसरी वार असते, तिला जोडणारी शीर पातळ पडद्यातून जाते. वार पुरी दिसते आणि ती धाकटी आतच राहते. अक्काला आठवलं. दुसऱ्या, गुळगुळीत बाजूला पडद्यात एक लाल शीर कडेपर्यंत जाऊन तुटलेली होती. तिनं ती पाहिली होती, तिचा अर्थ लावला नव्हता. कप्पे जुळले म्हणून थाळी बाजूला ठेवली होती.

ती त्या घरी गेली. मी सोबत होते, म्हणून सांगते. म्हातारे सासरे म्हणाले, "देवाची इच्छा, अक्का. तुम्ही काय करणार?" सुटण्याची वाट समोर उघडी होती. अक्का म्हणाली, "देवाला मध्ये आणू नका. मी दुसरी बाजू नीट बघितली नाही." त्या बाईच्या नवऱ्यानं तिला हाताला धरून बाहेर काढलं. ती माझ्याबरोबर चालत परत आली. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवसापासून शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला ती आधी ही गोष्ट सांगू लागली, स्वतःच्या नावासकट. मोठे डॉक्टर म्हणाले, कशाला, सूतिकागृहाची बदनामी होते. ती म्हणाली, "सर, बदनामी माझी आहे. मी ती वापरते." तीन-चार वर्षांनी त्याच शिंप्यानं बहिणीला तिच्याच हाती दिलं. आत येऊन एवढंच म्हणाला, "दोन्ही बाजू बघा, अक्का."

तेव्हापासून ती सगळ्याचीच दुसरी बाजू बघायची. कापड, पत्र, पापड, पुस्तकाचं मलपृष्ठ. आम्ही हसायचो. ती म्हणायची, "हसा."

फार पुढची एक गोष्ट. माझी नात बेळ्ळंदूरच्या बाजूच्या दवाखान्यात बाळंत झाली आणि बाराव्या दिवशी तिला परत लाल जाऊ लागलं. सोनोग्राफी झाली, पिशवीत काहीतरी दिसतंय म्हणाले. सगळे घाबरले. अक्काचं वय तेव्हा ऐंशीच्या पुढं होतं. मला सोबत घेऊन काठी टेकत आली आणि नातीला तेच विचारू लागली: रंग, गाठी, वास, ताप, दुखतं का. वास नाही, ताप नाही, दुखत नाही, आणि दोन दिवसांत कमी होत चाललंय. तरुण डॉक्टरीणबाईंनीही नातीला आधी रंग विचारला, मग अक्काला सोनोग्राफीचा पडदा दाखवला. म्हणाल्या, "अज्जी, आत राहिलेल्या तुकड्याकडे रक्त वाहत असेल तर इथं बहुधा रंग दिसतात. इथं रंग नाहीत. गोठलेलं रक्त असावं. पण नुसत्या चित्रावरून मी सांगणार नाही." अक्का पडद्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "सरी, बरोबर. ही दुसरी बाजू. आम्हाला दिसायची नाही ती." आणि मग नातीच्या पोटावर हात ठेवून, "उगाच आत हात घालू नका. वाट बघा." डॉक्टरीणबाईंनीही तेच ठरवलं होतं. आठवड्यात सगळं थांबलं. बाहेर पडताना अक्का माझ्या कानाशी म्हणाली, "मशीन चांगलं आहे गं. पण त्या डॉक्टरणीनंसुद्धा आधी रंग विचारला, बघितलंस?"

मागच्या आठवड्यात मी सभागृहात गेले. अक्काचा फोटो भिंतीवर होता, पट्टीसकट. मी स्टूल मागितलं. कार्यवाह धावत आले, "अज्जी, पडाल!" मी म्हटलं, "ही पट्टी काढा." ते म्हणाले, कमिटीची मीटिंग पुढच्या महिन्यात आहे. मी म्हटलं, "ज्या बाईनं बिल्ला टेबलावर ठेवला, आपली चूक दारोदार सांगितली, तिला मूक म्हणायचं असेल तर हा फोटो दुसऱ्या कुणाचा तरी आहे." माझा आवाज चढला होता. हॉलमधली माणसं वळून बघत होती. एकतीस वर्षं मी ज्यांना 'हळू' म्हटलं त्यातलाच एक जण तिथं होता, आता टक्कल पडलेला. "बाई, तुम्ही?" तो म्हणाला. मी म्हटलं, "हो, मी. स्टूल धर." नवी पट्टी होईपर्यंत फोटो मी घरी आणलाय.

तो स्वयंपाकघरात आहे, निळ्या काठाच्या थाळीशेजारी. थाळी अक्कानं विजयाच्या नावे ठेवली होती, विजयानं ती मला दिली. काठाचा एक टवका उडालाय, तिथं लोखंड काळं पडलंय. आज सकाळी मी अक्की रोटी केली. उचलताना ती फाटली. पूर्वी मी फाटलेली बाजू ताटात खाली करून वाढत असे. आज तशीच ठेवली, वर. मग तव्याकडे वळले, उलथन्यानं चिकटलेला तुकडा सोडवला, आणि त्या फटीला लावून बघितला. बरोबर बसला.